मसुदेकाकांचं लेबल

गिटार तयार झाली तेव्हा घरात आनंद कमी आणि सुटका जास्त झाली. गेले कित्येक महिने त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होत होतं. भुसा, सरसाचं भांडं, लाकूड आवळायचे शिकंजे, पॉलिशच्या बाटल्या. काकू मांडीवर ताट घेऊन जेवायला शिकल्या होत्या, आणि दाताखाली काही करकरलं तर ते पुढच्या फळीचं की मागच्या फळीचं, हे त्या चावूनच सांगू लागल्या होत्या.

मसुदेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना बिल्डिंगने चिकटवलेलं. टाकी गळते, अर्ज कोण लिहिणार? मसुदेकाका. भाडेकरू जात नाही, नोटीस कोण लिहिणार? मसुदेकाका. एका पोराने तर मुलीला नकार कळवायचं पत्रसुद्धा त्यांच्याकडून लिहून नेलं, आणि ते इतकं सुरेख झालं की ती मुलगी अधिकच प्रेमात पडली. कचेरीतही तेच. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांसाठी पत्रं लिहिण्यात घालवली. मजकूर काकांचा, सही साहेबांची. साहेब बदलत गेले, मजकूर तोच राहिला. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या गौरवाचं भाषणही त्यांनीच लिहून दिलं होतं. ते वाचताना साहेबांनी रुमाल काढून डोळे टिपले आणि त्या भरात त्यांनी नाव मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं घेतलं. टाळ्या त्यालाच पडल्या. तो बिचारा उठून उभाही राहिला.

असो. सांगायचं आहे ते लेबलाचं.

लेकीची बाजारातून आणलेली गिटार वाकडी झाली आणि आपण स्वतः एक बनवू, असं काकांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या हाताशी वाचनालयातलं एक जाडजूड पुस्तक तेवढं होतं. त्याच्या शेवटच्या प्रकरणात एक साधं वाक्य होतं. बनवणारा गिटारच्या आत, मधल्या गोल भोकातून दिसेल अशा जागी, आपलं नाव आणि साल लिहिलेलं लेबल चिकटवतो. काकांनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी गिटारचा विषय संपून लेबलाचा सुरू झाला.

"एकदा तरी," ते काकूंना म्हणाले, "मी केलेल्या गोष्टीखाली माझं नाव असावं गं."

"दारावर आहे की पाटी."

"ती तुझ्या दादाने दिलेली पाटी आहे. तिच्यावर त्याच्या दुकानाचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं आहे. लोक गाद्या विचारायला येतात."

हे मात्र खरं होतं. काकूंचे थोरले बंधू, म्हणजे लेकीचे मामा, यांचं गाद्यांचं दुकान होतं. स्वतःच्या नावाच्या बाबतीत मामांना काकांसारखी अडचण कधी आली नाही. ते नाव उशांवर, पिशव्यांवर, कॅलेंडरांवर आणि नातेवाइकांच्या दारांवर होतं.

आता, जगातला कुठलाही गिटार बनवणारा मागची फळी चिकटवायच्या आधी लेबल लावून मोकळा होतो. तेव्हा पेटी उघडी असते, हात हवा तिथे जातो. पण ते कारागीर. काका कचेरीतले. इतकी महत्त्वाची गोष्ट मसुदा न फिरवता करायची, हे त्यांच्या हातून होणंच शक्य नव्हतं. त्यांनी एका स्वच्छ कागदावर दोन ओळी टाइप केल्या. पहिली, की ही गिटार अमक्याने हाताने बनवली. दुसरी, साल. शेऱ्यांसाठी डावीकडे अर्धा कागद समास सोडला, वर 'अभिप्रायार्थ' असं लिहिलं आणि कागद फिरायला सोडला. अभिप्राय येईपर्यंत सरस काही थांबेना. सरसाला कचेरीची शिस्त नसते. तो सुकू लागला तशी मागची फळी बसवावी लागली, आणि लेबल बाहेर फिरत असताना गिटार आतून कायमची बंद झाली.

पहिला अभिप्राय घरातलाच.

"मी काय लिहू यात?" काकूंनी विचारलं.

"काही आक्षेप असला तर लिही. नसला तर नुसतं 'पाहिले' असं लिहिलंस तरी चालेल."

काकूंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. "लाकूड दादाचं, टेबल माझं, आणि खाली नाव तेवढं तुमचं एकट्याचं?" असं म्हणून त्यांनी समासात लिहिलं, 'टेबलाचा उल्लेख नाही.'

काकांना तो मुद्दा पटला. त्यांचा हा स्वभावच होता. कुठलाही मुद्दा लेखी आला की तो त्यांना पटायचा.

मग मामा. गिटारची मागची फळी आणि कडा मामांच्या जुन्या पलंगाच्या लाकडातून निघाल्या होत्या. तो पलंग मामांच्याच वजनाने मोडला होता, पण हा तपशील मामा सांगत नसत. ते म्हणत, "मी भाचीसाठी पलंग मोडला." त्यांनी जाड पेन काढून काकांच्या ओळीच्या वर लिहिलं, 'मूळ कल्पना, प्रेरणा व लाकूड', आणि पुढे आपलं नाव, त्यापुढे दुकानाचा पत्ता.

"दादा, कल्पना तुमची कशी?" काकांनी अदबीने विचारलं.

"मी पलंग दिला नसता तर तुम्हाला कल्पना सुचली असती का?"

काकांनी पत्त्यातला पिनकोड तेवढा दुरुस्त केला.

बिल्डिंगच्या कमिटीचे चेअरमन स्वतःहून आले. पॉलिशचं काम गच्चीवरच्या टाकीशेजारच्या खोलीत झालं होतं, ही बातमी त्यांच्या नाकापर्यंत अक्षरशः पोचली होती.

"परवानगी घेतली होती?"

"अर्ज केला होता. तुमच्याकडे आहे."

"अर्ज आहे हो. पण त्याला उत्तर दिलंय का आम्ही?"

"उत्तराचा मसुदाही मीच जोडला होता. तुम्ही सही केली नाहीत."

चेअरमननी खिशाला लावलेलं पेन नीट केलं. मग म्हणाले, झालं ते झालं, पण कमिटीच्या जागेत तयार झालेल्या वस्तूवर कमिटीचा उल्लेख हवा. आणि उद्या कुणी तक्रार केली तर? तेव्हा एक ओळ आणखी, 'कमिटी आवाजास जबाबदार नाही.' काकांनी त्यांना 'कोणत्याही' हा शब्द सुचवला. चेअरमन खूश झाले.

समोरच्या दारात जनावरांचे डॉक्टर राहत. भला माणूस. सांध्यांत सरस भरायला त्यांनी म्हशीला टोचायची सुई दिली होती. त्यांची अपेक्षा अगदी माफक, फक्त नावापुढे सगळ्या पदव्या याव्यात. आता जनावरांच्या डॉक्टरला इतक्या पदव्या कशाला लागतात, हे त्या जनावरांनाच माहीत, पण त्यांत काकांची एक ओळ, सालाची, गेली.

शेवटी कागद लेकीकडे गेला. तिने सगळे शेरे वाचले, हसली, आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलं, 'बाबा, फक्त तुमचं नाव टाका ना.' काकांनी त्यावर 'नोंद घेतली' असं लिहिलं. कचेरीत ज्या सूचनेचं काहीच करायचं नसतं, तिच्यावर हे लिहितात.

छापखान्यातला माणूस मान वर न करता म्हणाला, "किती हजार?"

"एक."

"एक हजार."

"एक."

त्याने मान वर केली. काकांना नीट पाहून घेतलं. एका लेबलासाठी छापखाना सुरू करणं म्हणजे काय, हे त्याने त्यांना ऐकवलं. तरी बसला बिचारा मजकूर जुळवायला. मामांची ओळ ठळक, कारण मामांनी त्याला आधीच फोन करून ठेवला होता. मग टेबल, मग कमिटी, मग पदव्या, मग 'मुद्रक' म्हणून त्याचं स्वतःचं नाव. छापणाऱ्याचं नाव नसलेला कागद आपल्या दारातून बाहेर जात नाही, असं तो म्हणाला. लेबल वाढत वाढत मुलांच्या प्रगतिपुस्तकाएवढं झालं.

"एक ओळ जास्त होतेय," तो म्हणाला. "ही शेवटची काढू? म्हणजे सुटसुटीत दिसेल."

"शेवटची ओळ म्हणजे मी."

"असं का? मग ठेवायचीय?"

"ठेवा," काका म्हणाले. "बारीक टाइपात ठेवा, पण ठेवा."

लेकीचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. मोठ्या हॉलमध्ये, एकटीचा, पहिल्यांदाच. शनिवारी दुपारी ती क्लासला गेली आणि काका लेबल घेऊन बसले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की लेबल भोकापेक्षा मोठं आहे. पण इतके अभिप्राय घेऊन तयार झालेला कागद आता कापायचा म्हणजे कुणाला तरी कापायचं, आणि कापण्यासारखं माणूस त्यात एकच होतं. तेव्हा त्यांनी वेगळी युक्ती काढली. काकूंनी शिजवलेली खळ लेबलाच्या पाठीला फासायची, लेबलाची सुरळी करायची, तारा सैल करून बाजूला सारायच्या, सुरळी भोकातून आत सोडायची आणि मग हात आत घालून ती उलगडायची.

युक्ती उत्तम होती. सुरळी गेली. हातही गेला, मनगटाच्या पार वर. आत अंधारात काकांनी लेबल उलगडलं, तळव्याने वरचा भाग दाबला, मधला दाबला, आणि खालच्या टोकाकडे जाताना हात थांबला. पुढे जाईना, मागे येईना. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ मनगटावर होतं, आणि त्याचा पट्टा आतल्या आडव्या लाकडी पट्टीत घट्ट अडकला होता.

काकांनी जरा ओढून पाहिलं. गिटारने सगळ्या सैल तारांनिशी विव्हळल्यासारखा आवाज केला.

"अगं," त्यांनी शक्य तितक्या सहज स्वरात हाक मारली, "जरा येतेस का?"

काकू आल्या. त्यांनी पाहिलं. "आधी टेबल अडवलं, आता स्वतःच अडकलात," असं म्हणून त्यांनी दार उघडलं आणि जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांना हाका मारल्या. काकांना नेमकं तेच नको होतं.

चेअरमन आधी आले. त्यांनी साबण सुचवला, मग तेल, मग बर्फ, मग 'हात आतल्या आत वळवून पाहा' असं सांगितलं, आणि आपण काही तरी केलं पाहिजे या भावनेने अग्निशमन दलाला फोन लावला.

"आग लागलीय?" पलीकडून प्रश्न आला.

"नाही. माणूस अडकलाय."

"लिफ्टमध्ये?"

"गिटारमध्ये."

"पूर्ण?"

"उजवा हात."

"उंचावर आहेत का? पाण्यात? विहिरीत?"

"खुर्चीवर आहेत."

"मग आमच्यात बसत नाही. लेखी अर्ज द्या. ज्यात अडकलेत ती वस्तू कुणाच्या मालकीची, तेही लिहा."

अर्जाचं नाव ऐकताच काकांना तेवढ्यातही हुरूप आला. "लिहून घ्या," ते चेअरमनना म्हणाले, "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की विषय उपरोक्तच राहिला.

मग मामांचा फोन आला. काकूंनीच त्यांना कळवलं होतं. मामांनी मोठ्या मनाने सांगितलं, "फोडा ती गिटार. हात महत्त्वाचा. माझ्याकडे अजून एक पलंग आहे."

"फोडायची नाही," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते मामांशी चढ्या आवाजात बोलले होते. "उद्या वाजवायचीय तिला. हात राहू दे आत. मी असाच येतो हॉलमध्ये. तिच्या शेजारी बसतो."

तेवढ्यात समोरचे डॉक्टर आपली बॅग घेऊन आले. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, बाह्या सारल्या, गिटारच्या पोटावर कान ठेवला आणि तिला हळूच थोपटलं.

"घाबरायचं नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "माझं आयुष्य गेलं यात. हात आत घालायचा आणि बाहेर काढायचं. वहिनी, तुम्ही कमरेला धरा. माझ्या नाही, हिच्या. चेअरमन, तुम्ही मान धरा. काका, जोर लावायचा नाही. मी सांगेन तेव्हाच."

त्यांनी कसलंसं बुळबुळीत मलम काकांच्या मनगटावर चोपडलं, तारांमधून स्वतःची दोन बोटं आत सरकवली आणि डोळे मिटून चाचपू लागले. "आलं... आलं... हा पट्टा लागला हाताला... अंग आखडू नका, सैल सोडा... आता!" बक्कल सुटलं, हात बाहेर आला, मागोमाग घड्याळ बाहेर आलं, काका खुर्चीसकट मागे गेले आणि डॉक्टर अभिमानाने म्हणाले, "दोघंही सुखरूप."

दोघंही म्हणजे गिटार आणि घड्याळ. काकांच्या मनगटाचं साल पार सोलवटलं होतं. डॉक्टरांनी बँडेज बांधलं, पण सवयीने बैलाच्या पायाला बांधतात तेवढं बांधलं. कोपरापासून बोटांपर्यंत काका पांढरेशुभ्र झाले.

त्यांनी लगेच टॉर्च घेऊन भोकात पाहिलं. लेबल चिकटलं होतं. फक्त जरा सरकून चिकटलं होतं. भोकातून त्याचा मधलाच भाग दिसत होता, आणि त्या गोलात, सुबक अक्षरांत, एकच ओळ होती. 'कमिटी कोणत्याही आवाजास जबाबदार नाही.'

"वा!" चेअरमन म्हणाले. "काम अगदी स्वच्छ झालंय."

काकांचं नाव आत अंधारात, भोकापासून लांब गेलं होतं. काकूंचा हातातला आरसा तिरका धरून आणि टॉर्च दुसरीकडून मारून ते दिसत होतं, तेही उलटं. काकांनी ते बराच वेळ पाहिलं. उलटं असलं, बारीक असलं, अंधारात असलं, तरी ते तिथे होतं. त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी चेअरमनना चहा विचारला.

लेक आली. तिने आधी बँडेज पाहिलं, मग भोकात वाकून पाहिलं आणि ती ओळ वाचून जमिनीवर बसून हसली. मग आरशातून नाव पाहिलं, तेव्हा मात्र ती हसली नाही. काकांच्या खांद्यावर तिने डोकं टेकवलं. तारा चढवून वाजवायला बसली.

पलंगाचं लाकूड असं गाईल, हे खुद्द पलंगालाही वाटलं नसेल. काका टेबलाशी बसून ऐकत होते. आणि मध्येच, जाड तारेवरच्या एका सुरावर, आतून 'झर्र' असा आवाज आला. कागद थरथरल्याचा. लेक थांबली. पुन्हा तो सूर छेडला. पुन्हा झर्र. बाकीचं लेबल पक्कं बसलं होतं. शेवटचं टोक तेवढं सुटं राहिलं होतं, कारण तिथे दाबायच्या आधीच काकांचा हात अडकला होता. आणि त्या टोकावर काकांचं नाव होतं.

"काय गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. मस्त आहे, बाबा."

संध्याकाळी ती पुन्हा तीच चीज वाजवत होती आणि काका स्वयंपाकघरात एका हाताने कप विसळत होते. ती चीज त्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की झोपेतही गुणगुणली असती. आता तो जाड सूर येणार, असं वाटलं. आला नाही. तिथे दुसराच काही तरी आला, पातळसा, वरचा. पुढच्या फेरीतही तसंच. त्याच्या पुढच्या फेरीतही. काका ओला हात तसाच घेऊन बाहेर आले.

"तो सूर वगळलास?"

"वगळला नाही. बदलला. असंही छान वाटतं."

"नाही वाटत."

लेक तारांकडे पाहत राहिली. "बाबा, तुमचं नाव आहे तिथे," ती म्हणाली. "राहू दे. एका सुराने काय होतंय? कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळलं ना."

"मग तुम्ही तेवढं कान झाकून घ्या," ती हसून म्हणाली आणि पुन्हा वाजवू लागली. तो सूर पुन्हा टाळून.

काका आतल्या खोलीत जाऊन बसले. त्यांना लाज वाटली. साहेब लोक स्वतःचं नाव यावं म्हणून चांगल्या मजकुराची कशी मोडतोड करत, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं आणि त्याच्या गोष्टी काकूंना रंगवून सांगितल्या होत्या. आणि आता आपली पोर आपल्या नावापायी स्वतःचं गाणं छाटते आहे, तेही आपण न सांगता. हे त्यांना अगदी जिव्हारी लागलं. आणि तरीही, खरं ते सांगायला हवं, थोडा वेळ त्यांनी असाही विचार केला की खरोखरच, एका सुराने काय होतंय?

रविवारी सकाळी लेक आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी काकूंना हाक मारली. काकू टॉर्च घेऊन आल्या. हे कसलं काम आहे, हे त्यांनी विचारलं नाही. पुन्हा तारा सैल झाल्या. डाव्या हातात स्वयंपाकघरातला चिमटा आणि त्याच्या टोकाला ओलं फडकं. काका लेबल भिजवून भिजवून सोडवू लागले. मामा पट्टकन निघाले. पदव्या थोड्या झगडल्या. कमिटीची ओळ जबाबदारी नाकारतच पण अख्खी बाहेर आली. शेवटचं टोक मात्र ओलं होऊन लगदा झालं होतं. ते कण कण करून आलं.

काकांनी तारा चढवल्या आणि अंगठ्याने ती जाड तार छेडली. स्वच्छ, भरलेला सूर. खोलीभर पसरला आणि हळूहळू विरला.

"नाव गेलं की हो," काकू म्हणाल्या.

"गेलं."

"दुसरं लिहा ना लगेच. फक्त तुमचं. मी कुणाला सांगत नाही."

"आज नको. ओलं राहील. पुन्हा आवाज करेल."

काकूंनी टॉर्च बंद केला. मग त्यांनी टेबल पुसलं, आणि त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्या घरातली माणसं टेबलावर जेवली.

संध्याकाळी हॉल भरला होता. काका, काकू, डॉक्टर, चेअरमन मधल्या रांगेत. मामा पहिल्या रांगेत, कारण हॉलच्या खुर्च्यांवरच्या गाद्या त्यांच्या होत्या. निवेदिका पुढे आली. लेकीविषयी चार चांगले शब्द बोलली आणि म्हणाली, "आणि आज ती जी गिटार वाजवणार आहे, ती घरी बनवलेली आहे बरं का! ती बनवली आहे तिच्या मामांनी. ते आज आपल्यात उपस्थित आहेत."

मामा उठले. हात जोडून त्यांनी समोर नमस्कार केला, मागे केला, बाल्कनीकडे केला. बाल्कनी रिकामी होती, तरी केला.

"दादाला जाऊन खाली बसवते मी," काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

काकांनी त्यांचा पदर धरला. "राहू दे गं. लाकूड त्यांचंच आहे."

"अहो, पण..."

"वाजवू दे तिला."

लेक वाजवू लागली. काकांनी डोळे मिटले. ती जागा जवळ आली तसे त्यांनी बँडेजचा हात मांडीवर घट्ट दाबून धरला. आणि, जुन्या सवयीने तिचं बोट त्या जाड तारेवर गेलं असावं, तो सूर आला. जसा यायला हवा तसा, खोल, अख्खा, सबंध हॉलभर. लेकीने एकदम मान वर केली. क्षणभर गिटारच्या भोकाकडे पाहिलं. आत काहीच नव्हतं. मग ती पुढे वाजवत राहिली आणि ती जागा पुन्हा आली तेव्हा त्या सुरावर तिने मुद्दाम थोडं जास्त रेंगाळून घेतलं. काकांच्या गालावरून पाणी ओघळलं. ते त्यांनी बँडेजने पुसलं. बँडेज मोठं असल्याचा तेवढा फायदा झाला.

टाळ्या सुरू झाल्या. मामा पुन्हा उभे राहिले. लेकही उठली, पण पडद्याआड न जाता निवेदिकेच्या माईकपाशी गेली.

"एक दुरुस्ती सांगायची आहे," ती म्हणाली. "मामाने लाकूड दिलं. गिटार माझ्या बाबांनी बनवली. काल तिच्या आत त्यांचं नाव होतं. त्याने माझा एक सूर बिघडत होता, म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. मला न सांगता. त्यामुळे आता ते नाव मलाच सांगावं लागणार." आणि तिने त्यांचं पूर्ण नाव घेतलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "बाबा, उभे राहा ना."

डॉक्टरांनी चेअरमनना विचारलं, "हे कोण?" चेअरमननाही ठाऊक नव्हतं. हॉलमधली सगळी डोकी वळली आणि टाळ्या वाजवत त्या माणसाला शोधू लागली. काकांनीही टाळ्या वाजवल्या. बँडेजमुळे त्यांचा आवाज येत नव्हता, तरी मनापासून वाजवल्या. मग, मागून कुणी उठून येत असेल तर त्याला वाट मिळावी म्हणून त्यांनी पाय आखडून घेतले आणि वळून मागच्या रांगेकडे पाहिलं.

"अहो, मागे कुणाला बघताय?" काकू म्हणाल्या. "तुमचंच नाव आहे ते."